सव्वाचार मायक्रोसेकंद

ऑक्टोबर १९६२. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी, आणि तिथलं जेझुइट पाद्र्यांचं झेवियर विद्यापीठ. मागची एखादी खुर्ची धरा. कोणी ओळखपत्र मागणार नाही, कारण तुम्ही इथे कोणाला दिसतच नाही. समोरची मंडळी मात्र नीट बघून घ्या. शब्द मोजून वापरणारे ते पॉल डिरॅक. पुढच्या वर्षी ज्यांना नोबेल मिळणार आहे ते युजीन विग्नर. हार्वर्डचे वेंडेल फरी. तिशीचा याकिर अहारोनोव्ह. हायफाहून आलेले नेथन रोझेन. आणि यजमान बोरिस पोडॉल्स्की. ते इथेच प्राध्यापक आहेत.

पोडॉल्स्की आणि रोझेन ही नावं लागोपाठ आली की तिसरं आपोआप ओठांवर येतं. १९३५ साली आइनस्टाइन यांच्यासोबत क्वांटम सिद्धांतावर जो चार पानी निबंध आला, त्याचे हे दोन लेखक. तिसऱ्यांना जाऊन सात वर्षं झाली.

आता या मंडळींसमोर बोलायला उभा राहिलाय तो एकतीस वर्षांचा माणूस बघा. ह्यू एव्हरेट तिसरा. भौतिकशास्त्र सोडून त्याला सहा वर्षं झाली. सध्या तो पेंटागॉनसाठी गणितं करतो: अणुयुद्ध झालंच तर किरणोत्सर्गी धूळ कुठवर पसरेल आणि किती माणसं मरतील, असली गणितं. त्याच्या प्रबंधाची चर्चा निघणार म्हणून त्याला इथे बोलावून घेतलंय. तो म्हणतो ते थोडक्यात असं. क्वांटम सिद्धांताचं समीकरण सांगतं की कणाच्या अनेक शक्यता एकाच वेळी नांदतात. मोजमाप केलं की त्यातली एकच उरते आणि बाकीच्या नाहीशा होतात, ही पुस्तकातली ओळ समीकरणात कुठेही नाही. ती वरून चिकटवलेली आहे. ती काढून टाका. मग काय होतं? सगळ्या शक्यता चालू राहतात, आणि मोजणारा माणूसही त्यांच्यासोबत फुटतो. एका फांदीत त्याला एक उत्तर दिसतं, दुसरीत दुसरं.

पोडॉल्स्कींना यात विज्ञानकथांमधली समांतर विश्वं दिसतात, आणि अशी विश्वं मोजताही येणार नाहीत इतकी अनंत होतील, असं ते बोलून दाखवतात. एव्हरेट ते मान्य करतो. सारवासारव नाही, घसा खाकरणं नाही.

तुमच्या जिभेवर मात्र वेगळाच प्रश्न असायला हवा. या खोलीतल्या दोघांनी आइनस्टाइन यांच्याबरोबर जी तक्रार नोंदवली होती, ती या तरुणाच्या मांडणीत उरते की मिटते? इथे केलेली कृती तिथे, मध्ये काहीही न जाता, तत्क्षणी परिणाम करते का? ही अनेक विश्वं ‘स्थानिक’ आहेत का? या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही उत्तरं देणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्या भांडणातला मोठा हिस्सा मूळ तक्रार धड न वाचल्यामुळे आहे, असं माझं मत. म्हणून मागे चला.

मे १९३५, प्रिन्स्टन. निबंध अजून छापूनही आलेला नाही, पण न्यूयॉर्क टाइम्सच्या ४ मेच्या अंकात आइनस्टाइन यांनी क्वांटम सिद्धांतावर हल्ला केल्याची बातमी आहे. बातमी फुटली ती पोडॉल्स्कींकडून, आणि आइनस्टाइन भडकलेत. त्यांचा राग फक्त बातमीवर नाही. निबंध पोडॉल्स्कींनी लिहिला होता. पुढच्या महिन्यात श्रोडिंगर यांना पत्र लिहिताना आइनस्टाइन कुरकुरणार आहेत की खरा मुद्दा पांडित्याखाली गाडला गेला. इथे फार रेंगाळू नका. मुद्दा तेवढा उचला: एकमेकांशी एकदा संबंध येऊन दूर गेलेले दोन कण. एकाला मोजलं की दुसऱ्याचं उत्तर खात्रीनं सांगता येतं, त्याला हातही न लावता. म्हणजे एकतर ते उत्तर दुसऱ्या कणापाशी आधीपासूनच होतं आणि सिद्धांताला ते ठाऊक नाही. नाहीतर इथलं मोजमाप तिथे पोचलं.

खरा मुद्दा आइनस्टाइन स्वतःच्या हातानं कधी लिहितात, ते बघायला तेरा वर्षं पुढे या. एप्रिल १९४८, ११२ मर्सर स्ट्रीट, तेच प्रिन्स्टन. मॅक्स बॉर्न यांना पाठवायच्या पाकिटात ते एक छोटा लेख घालतायत. तो ‘डायलेक्टिका’ या नियतकालिकात येईल. जर्मन वाचता येत नसलं तरी हरकत नाही, मी सांगतो. त्यात दोन मागण्या आहेत. पहिली: अवकाशात वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या वस्तूंना आपापली, स्वतंत्र वास्तव अवस्था असावी. हिला आपण सुटेपणा म्हणू. दुसरी: एका ठिकाणच्या वस्तूला काही केलं तर दूरच्या वस्तूवर त्याचा थेट परिणाम होऊ नये. ही स्थानिकता. आइनस्टाइन या दोन्ही मागण्या एका दमात मांडतात, कारण त्यांच्या दृष्टीनं एकीवाचून दुसरीला अर्थ नाही. पण मागण्या दोन आहेत. पाकीट बंद व्हायच्या आत ते मनात पक्कं करा, पुढे सगळं यावरच अडणार आहे.

आणखी सहा वर्षं पुढे, गाव तेच. १९५४ चा हिवाळा जवळ आलाय. ग्रॅज्युएट कॉलेजच्या वसतिगृहात शेरीची बाटली उघडलेली आहे. सोबत शिकणारा चार्ल्स मिझनर आहे, नील्स बोर यांचा सहायक ओगे पीटरसन आहे, आणि एव्हरेट. क्वांटम सिद्धांत अक्षरशः खरा धरला तर काय काय हास्यास्पद गोष्टी मान्य कराव्या लागतील यावर टवाळी चाललीये. त्या टवाळीतून आपल्याला कल्पना सुचली, असं एव्हरेट पुढे सांगेल. म्हातारे आइनस्टाइन तेव्हा याच गावात आहेत; त्यांच्यापाशी पाचसहा महिने उरलेत. हा मुलगा त्यांना अगदीच अनोळखी नाही, बरं का. बारा वर्षांचा असताना त्यानं त्यांना पत्र पाठवलं होतं, कोणीच थोपवू न शकणारं बळ आणि कशानंच न हलणारी वस्तू यांच्याबद्दल. आइनस्टाइन यांनी उत्तरही दिलं: असं बळ आणि अशी वस्तू नसते, पण स्वतःच उभ्या केलेल्या अडचणींतून वाट काढणारा एक हट्टी मुलगा मात्र दिसतोय, अशा अर्थाचं.

प्रबंधाची कथा लांबड न लावता सांगतो. मार्गदर्शक जॉन व्हीलर यांनी मोठा मसुदा कोपनहेगनला नेला, बोर यांच्या मंडळींना तो रुचला नाही, आणि बऱ्याच काटछाटीनंतर १९५७ च्या जुलैमध्ये ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये त्याचं लहान रूप आलं. एव्हरेट तोवर पेंटागॉनला निघूनही गेला होता. त्या लेखाच्या शेवटाकडे नजर टाका. दोन निरीक्षक, दोन गुंतलेल्या पण एकमेकांवर आता काही न करणाऱ्या प्रणाली. एकानं आपल्याकडचं मोजलं म्हणून दुसऱ्याच्या प्रयोगांच्या अपेक्षित उत्तरांत काही फरक पडत नाही, हे तो दाखवतो आणि सांगतो की आइनस्टाइन, पोडॉल्स्की, रोझेन यांच्यासारखे विरोधाभास या चौकटीत सहज तपासता येतात. कारण उघड आहे. दूरचा कण मोजमापासरशी बदलतो हे म्हणायला भाग पाडणारी ओळच त्यानं खोडून टाकलीये. जी गोष्ट घडतच नाही, ती प्रकाशापेक्षा वेगानं घडायचा प्रश्न येत नाही.

एवढ्यावर समाधान मानून घरी जाणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जाऊ नका, कारण १९६४ मधून एक माणूस तुम्हाला अडवणार आहे.

जॉन स्टुअर्ट बेल. बेलफास्टचे, नोकरी जिनिव्हाच्या सर्नमध्ये, आणि सध्या रजेवर अमेरिकेत. निबंध छापायला ‘फिजिक्स’ नावाचं एक नवखं, लवकरच बंद पडणारं नियतकालिक त्यांनी निवडलंय, कारण नावाजलेली नियतकालिकं दर पानामागे पैसे घेतात आणि पाहुण्यानं यजमानांच्या खिशात हात घालायचा त्यांना संकोच वाटतो. खांद्यावरून वाकून बघा. बेल विचारतात: कणांनी निघतानाच आपापली उत्तरं ठरवून घेतली असतील, तर? म्हणजे जोडीतला एक मोजा डाव्या पायात, एक उजव्या पायात, एकाचा रंग बघितला की दुसऱ्याचा कळतो, त्यात जादू कसली. (पुढे १९८० च्या सुमारास ते खरोखरच बर्टलमान नावाच्या सहकाऱ्याच्या दोन रंगी मोज्यांवर लिहिणार आहेत.) पण मोजमापाचा कोन बदलत गेलात, तर आधीच ठरवलेल्या उत्तरांना एक मर्यादा पडते. नंतर तिला जे सुटसुटीत रूप मिळालं त्यात सांगायचं, तर दोन ठिकाणी दोन-दोन कोन, प्रत्येक कोनजोडीसाठी जुळायचं की विरुद्ध पडायचं हे ठरलेलं. आधी कितीही संगनमत केलं तरी शंभरात ७५ वेळांपेक्षा जास्त यश नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो सुमारे ८५.

प्रयोगशाळांनी पुढे ७५ ची मर्यादा मोडली. १९७२ मध्ये बर्कलीत फ्रीडमन आणि क्लाउझर, १९८२ मध्ये पॅरिसजवळच्या ऑर्सेत आस्पे. ‘म्हणजे निसर्ग स्थानिक नाही’ हे वाक्य तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतून फिरतंय.

पण अजून बेल यांच्या खांद्यामागून हलू नका. निबंधाच्या अगदी सुरुवातीला, आकडेमोड सुरू व्हायच्या आधी, ते लिहितात की मोजमापाचं उत्तर अधिक एक किंवा उणे एक. मर्यादेची अख्खी इमारत या ‘किंवा’वर उभी आहे. प्रत्येक मोजमापाला एकच उत्तर असतं, हे इतकं उघड आहे की त्याला गृहीतक म्हणावंसंही कोणाला वाटत नाही. एव्हरेट नेमकं तेच नाकारतो. त्याच्याकडे अधिक एकही आहे आणि उणे एकही आहे. बेल यांचं गणित तंतोतंत बरोबर आहे. एव्हरेटचं घर त्या गल्लीत नाही, इतकंच. बेल यांना ही पळवाट ठाऊक होती. १९७६ मध्ये त्यांनी एव्हरेटवर लिहिलंही, पण एवढी विश्वं उभी करणं त्यांना उधळपट्टी वाटली.

आता इथेच घोडं पेंड खातं. मर्यादा लागू होत नाही म्हणजे स्थानिकता सिद्ध झाली, असं नव्हे. पळवाट सापडणं वेगळं आणि मुक्कामाला पोचणं वेगळं. शिवाय एव्हरेटच्या पक्षातल्यांनीच पंचाईत करून ठेवलीये. सप्टेंबर १९७० चा ‘फिजिक्स टुडे’ उचला. लेखक ब्राइस डेविट. हे तेच, ज्यांनी १९५७ मध्ये ‘मला तर मी फुटल्यासारखा वाटत नाही’ असा आक्षेप घेतला होता; त्यावर एव्हरेटनं कोपर्निकसचा दाखला देऊन विचारलं होतं, पृथ्वी फिरतेय हे तरी कुठे जाणवतं? डेविट त्या उत्तरानं विरघळले ते असे की तेरा वर्षांनी प्रचारक झाले. या लेखात ते सांगतात की दूरच्या कुठल्याही ताऱ्यावर, कुठल्याही दीर्घिकेत क्वांटम बदल झाला की इथल्या पृथ्वीवरच्या आपल्या जगाच्या असंख्य प्रती होतात. वाचायला थरारक. पण देवयानी दीर्घिकेत, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर, एक अणू थरथरला आणि तुम्ही ताबडतोब फुटलात? मग स्थानिकतेचा कसला पत्ता?

माझ्या मते डेविट यांचं हे चित्र सोयीचं होतं, गरजेचं नव्हतं. ते का, हे पायी चालून बघू.

उन्हाळा २०१५, नेदरलँड्स, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचा परिसर. रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटानं दोन इमारतींत दोन हिरे ठेवलेत. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम चार अंश वर थंड केलेले. दागिन्यातले नव्हेत, सूक्ष्म तुकडे. प्रत्येकात एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन बसलाय, शेजारची जागा मोकळी आहे, आणि तिथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनची फिरकी हा आपला कण. अ आणि ब या दोन हिऱ्यांमध्ये १,२८० मीटर. मध्ये कुठेतरी क हे ठाणं. दोन्ही हिरे एकेक प्रकाशकण क कडे पाठवतात. तिथे दोन्हींची योग्य प्रकारे गाठ पडली की अ आणि ब मधल्या फिरक्या गुंतल्या असं समजायचं. ती गाठ फार क्वचित पडते. तासाला साधारण एक. डच मंडळींच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

गुंता जमला की दोन्हीकडची यंत्रं स्वतंत्रपणे, यदृच्छेनं कोन निवडतात आणि इलेक्ट्रॉनवर लेझर सोडतात. हिरा उजळला तर एक उत्तर, अंधारा राहिला तर दुसरं. उत्तर वाचायला ३.७ मायक्रोसेकंद, आणि कोन निवडण्यासकट सगळं सव्वाचार मायक्रोसेकंदांच्या आत उरकतं. प्रकाशाला अ पासून ब पर्यंत जायला ४.२७ मायक्रोसेकंद लागतात. अ ला ब चा कोन कळायला वेळच नाही.

तुम्ही अ पाशी उभे राहा. काळ इतका सावकाश करा की प्रकाश तुमच्या बरोबरीनं चालेल. आतापर्यंत तुम्ही फुकटचे प्रेक्षक होतात, इथे ते चालायचं नाही. हिऱ्यातला उजेड डोळ्यात शिरला की तुम्हीही हिशेबात आलात.

लेझर पडतो. हिरा उजळतो, आणि हिरा अंधारा राहतो. उजेड पाहिलेले तुम्ही आहात, अंधार पाहिलेलेही तुम्ही आहात; दोघांनाही आपण पूर्वीचेच आहोत याची खात्री आहे, आणि दोघांचंही खरं आहे. आता त्या उजेडाबरोबर बाहेर निघा. प्रकाशकण भिंतीवर आपटले, भिंतीतले अणू त्या हिशेबात आले. यंत्रानं नोंद केली, तारेतला विद्युतप्रवाह आला, खोलीतली हवा आली. फूट अशी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरते, आणि जास्तीत जास्त प्रकाशाच्या वेगानं. एक मायक्रोसेकंद झाला: अ भोवती तीनशे मीटरचा परीघ फुटलेला. त्यापलीकडे कालव्याकाठी सायकलवरून जाणारी बाई बघा. ती अजून एकच आहे. अ उजळला की नाही हा प्रश्न तिच्यापुरता अजून जन्मालाच आलेला नाही. देवयानी तर सोडाच.

तिकडे ब पाशीही तेच चाललंय. तिथलाही एक परीघ तिथल्या उजेड-अंधारासकट मोठा होतोय. या क्षणी कोणी विचारलं की ‘अ उजळला त्या विश्वात ब चं काय झालं?’, तर या प्रश्नाला उत्तर नाही. ते लपलेलं आहे असं नव्हे, ते नाहीच. अ ची फांदी ब पर्यंत पोचलेली नाही. तिच्या हद्दीत ब अजून अखंड आहे. फांदीचा अर्थ असा लावला की डेविट यांचं सबंध विश्व एका फटक्यात दुभंगणं हे फक्त हिशेब ठेवायची एक रीत ठरते. काही जाणकार अजूनही तीच रीत पसंत करतात आणि गणितात त्यांचं अडत नाही. पण घडतं काय, हे विचाराल तर ते असं पायापायानं घडतं.

दोन्ही फुटी एकाच क्षणी सुरू झाल्या असं धरा. साधारण २.१ मायक्रोसेकंदांनी, ६४० मीटरवर, त्यांचे परीघ भिडतात. तिथे पोचा. उजेड-उजेड, उजेड-अंधार, अंधार-उजेड, अंधार-अंधार अशा चार फांद्या तिथे जमतात. पण चारही सारख्या वजनाच्या नाहीत. दोन्हीकडे निवडलेल्या कोनांनुसार काहींचं वजन भरभक्कम, काहींचं हलकं. आदर्श यंत्रं असती तर ८५ आणि १५ अशी विभागणी. बेल यांना जो मेळ आश्चर्याचा वाटला, तो इथे, दोघांच्या वर्तमानकाळात, साध्या भेटीतून तयार होतो. अ नं ब ला काही कळवलं नाही. दुसरी मागणी पूर्ण.

मग पहिलीचं काय? भेटीच्या जागी चार फांद्यांना नेमकी ही वजनं कोणी दिली? अ च्या परिघातला प्रत्येक अणू तपासलात तरी त्यात ही माहिती नाही. ब च्या परिघातही नाही. नुसत्या अ कडे बघाल तर उजेड-अंधार अर्धेअर्धे, आणि ब नं काहीही केलं तरी अर्धेअर्धेच. दोघांचा मेळ त्यांच्या सामाईक अवस्थेत आहे, आणि ती अवस्था ना इथे आहे ना तिथे. ती दोघांची मिळून आहे. दोन्ही भागांबद्दल जे जे सांगण्यासारखं आहे ते सगळं सांगितलं तरी जोडीबद्दल काहीतरी सांगायचं शिल्लक राहतं. १९४८ च्या पाकिटातल्या पहिल्या मागणीला हा सपशेल नकार आहे. डेव्हिड वॉलेस, लेव्ह वैदमन यांच्यासारखे एव्हरेटचे आजचे वकील हे कबूल करतात: दूरवरची कृती नाही, पण सुटेपणाही नाही.

हे कबूल करायचं नसेल तर डेल्फ्टमधून पंधरा वर्षं मागे, २००० सालात शिरा. ऑक्सफर्डचे डेव्हिड डॉइच आणि त्यांच्यासोबत पॅट्रिक हेडन एक निबंध छापतात. ते सामाईक अवस्था मांडणाऱ्या तरंगफलाऐवजी हायझेनबर्ग यांच्या रीतीनं हिशेब मांडतात. तसं केलं की प्रत्येक कणाला स्वतःचं असं वर्णन मिळतं, ते फक्त त्या कणावर केलेल्या कृतींनी बदलतं, आणि दोघांची वर्णनं शेजारी ठेवली की सगळे मेळ निघतात. सुटेपणाही आला! अ चा कोन अ च्या कणासोबत प्रवास करतो, फक्त तो एकट्या कणाला कितीही पिळलं तरी बाहेर काढता येत नाही. जोडीदार भेटला की उलगडतो. मोह पडावा अशी मांडणी आहे. पण सात वर्षांनी टिम्पसन आणि वॉलेस बोट ठेवतात: कुठल्याही मोजमापानं ज्यांच्यात फरक दिसणार नाही अशी कितीतरी वेगवेगळी वर्णनं या रीतीत निघतात. मग त्यातलं खरं कोणतं? सुटेपणा मिळवण्यासाठी तुम्ही निसर्गात अशी पोतडी भरली, जी कधीच कोणाला उघडता येणार नाही. मला टिम्पसन-वॉलेस यांचं पटतं. सुटेपणा जातोय तर जाऊ द्यावा. क्वांटम सिद्धांतात सगळ्यात नवं जर काही असेल तर ते हेच आहे. स्थानिकता गेली असती तर आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेशी रोजचं भांडण झालं असतं. सुटेपणा गेल्यानं सापेक्षतेच्या केसालाही धक्का लागत नाही.

तेव्हा ‘अनेक विश्वं स्थानिक आहेत का’ याला माझं उत्तर हो. पण हे उत्तर उसनवारीवर आहे, आणि उसनं कुठून आणलं ते बघायला डेल्फ्टच्या उन्हाळ्यात परत यावं लागेल.

अठरा दिवसांच्या काळात, २२० तास यंत्र चालवून, मोजता येण्याजोग्या २४५ फेऱ्या जमल्यात. सावकाश केलेला काळ आता नेहमीच्या वेगानं सोडा आणि संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहा. २४५ पैकी १९६ वेळा यश. शंभरात ८०. आधीच्या संगनमताची ७५ टक्क्यांची मर्यादा म्हणजे १८३ च्या थोडी वर. फरक बारा फेऱ्यांचा. ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ हा निकाल छापतं, आणि दोन मोठ्या पळवाटा एकाच वेळी बुजवणारा पहिला प्रयोग म्हणून त्याचं नाव होतं.

पण तुम्ही आता एव्हरेटच्या हिशेबात उभे आहात. २४५ फेऱ्यांत प्रत्येक फेरीला चार फांद्या, आणि सगळ्या खऱ्या. कुठल्यातरी फांदीवर याच पडद्यावर १९६ नाही, १८० आलंय. तिथले हॅन्सन यंत्रं पुन्हा तपासतायत. तिथे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतंय की आइनस्टाइनचंच खरं होतं की काय. यशाचा खरा दर ८० टक्के धरून ढोबळ हिशेब केला, तर ज्या फांद्यांत मर्यादा मोडलीच नाही त्यांचं एकूण वजन शंभरात दोनाच्या आसपास येतं. फार नाही, पण डोळेझाक करावी इतकं कमीही नाही. वजन कमी म्हणजे ‘घडण्याची शक्यता कमी’, हे वाक्य आपण सवयीनं म्हणतो. पण जिथे सगळंच घडतं तिथे शक्यता कशाची? १९९९ पासून डॉइच, मग वॉलेस, मग इतर अनेकजण हे वजन शक्यतेत बदलून दाखवायच्या खटपटीत आहेत. काहींना ते जमलं असं वाटतं, काहींना ते सिद्ध करायची गोष्ट आधीच गृहीत धरतात असं वाटतं. आणि हे जमल्याशिवाय ८५ विरुद्ध ७५ या वाक्याला एव्हरेटच्या घरात काही अर्थच राहत नाही. म्हणजे जो मेळ स्थानिक रीतीनं समजावला म्हणून आपण खूश झालो, तो मेळच धूसर होतो.

१८० च्या फांदीवरही तुम्ही आहात. तिथेही तुम्ही सिनसिनाटीला गेला होतात, बेल यांच्या खांद्यावरून वाचलं होतंत, आणि सायकलवरच्या बाईला ओलांडून इथवर आलात. त्या तुम्हाला आता कोणी विचारलं की एव्हरेट चुकला का, तर पडद्यावरचा आकडा बघून तुम्ही बहुधा ‘हो’ म्हणाल. आणि तुमच्याकडच्या पुराव्याला धरून तेच उत्तर शहाणपणाचं असेल.